‘फिनाले’ बंद झालं, मग फायलींचं काय झालं?

माझ्या कपाटात एक सीडी आहे. २००५च्या महापुरात आमच्या साप्ताहिकाने जे अंक काढले, त्यांची पानं तिच्यात आहेत. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि गुडघाभर पाण्यातून हिंडून त्या बातम्या केल्या होत्या. पुढे २०१९ला कृष्णामाई पुन्हा गावात आली आणि कार्यालयातल्या बांधीव फायलींचा लगदा झाला. मी म्हटलं, असू दे, सीडी आहे की!

सीडी ठणठणीत निघाली, एक ओरखडा नाही. पण पानं ज्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये लावली होती ते आताच्या संगणकावर चढत नाही आणि मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला. कसंबसं उघडलं, तर अक्षरांच्या जागी चिन्हांची खिचडी. पुराने कागद नेला, पण सीडीवरचा मजकूर पाणी न लागता गेला.

हे रडगाणं घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून २०२४च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याने मला एक बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, “मामा, तुमच्या सीडीसारखंच झालं बघा.” भाचा मुंबईत व्हायोलिन वाजवतो, पाश्चात्त्य पद्धतीचं नोटेशन लिहितो. बातमी अशी होती की ‘फिनाले’ नावाचं सॉफ्टवेअर बंद होतंय.

मला तोवर फिनाले म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. पाच ओळींवर गोळे आणि दांड्या काढून जे संगीत लिहितात, ते संगणकावर लिहायचं हे सॉफ्टवेअर. १९८८ साली अमेरिकेत निघालं, लिहिणारा फिल फॅरंड. (याच गृहस्थाने पुढे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या चुका शोधणारी पुस्तकं लिहिली. अशी माणसं मला आवडतात.) त्याआधी स्वरलिपीची छपाई म्हणजे धातूच्या पत्र्यावर ठोकून कोरण्याचं नाही तर हाताने रेखाटण्याचं काम. फिनालेने ते टेबलावर आणलं. संगीतकार, प्रकाशक, शाळा-कॉलेजचे बँड, सगळे त्यावर लिहू लागले.

२६ ऑगस्ट २०२४ला मेकम्युझिक या मालक कंपनीने जाहीर केलं की ३५ वर्षांनंतर आता नवी आवृत्ती निघणार नाही. कारण दिलं ते पटण्यासारखं आहे. लाखो ओळींचा जुना कोड आणि दर वर्षी बदलणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम यांचा मेळ घालणं परवडेना. पण त्याच पत्रात असंही होतं की वर्षभरानंतर नव्या संगणकावर फिनाले चालू करण्याची परवानगीच मिळणार नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, त्यात आयुष्यभराचं काम आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! जगभरातून असा आरडाओरडा झाला की एक-दोन दिवसांतच कंपनीने तो निर्णय फिरवला.

मला वाटलं, संपलं आता यांचं. फिनालेची फाइल बंद पेटीसारखी, ती फिनालेच उघडणार. पण भाचा म्हणाला, “नाही मामा, बहुतेकांचं वाचलं.” कसं वाचलं, ते मी त्याच्याकडून आणि नंतर वाचून समजून घेतलं.

संगीताची फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची तर आधी सगळ्यांच्या हाताशी ‘मिडी’ होती, १९८३ची. पण मिडीला लिखाण कळत नाही, वाजवणं कळतं. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ, एवढंच. हार्मोनियमची काळी एक घ्या. तिला सी शार्पही म्हणतात आणि डी फ्लॅटही. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत, ‘शीर’ आणि ‘शिर’ असतात तसे. मिडीत दोन्हींना एकच आकडा. शब्द गेले, नुसता आवाज उरला. नव्वदच्या दशकात एक-दोन सामाईक फॉरमॅट तयारही झाले, पण ते फारसे कुणी उचलले नाहीत.

मग २०००च्या सुमाराला कॅलिफोर्नियात मायकल गुड नावाच्या माणसाने रिकॉर्डारे ही लहानशी कंपनी काढली आणि ‘म्युझिक एक्सएमएल’ बनवायला घेतलं. विद्यापीठातल्या संशोधकांनी आधी केलेल्या दोन पद्धतींवर त्याने ते उभारलं. कल्पना साधी. प्रत्येक स्वर शब्दांत लिहायचा: नाव सी, बदल अधिक एक, सप्तक चौथं, लांबी पाव. साध्या नोटपॅडमध्ये उघडलं तरी माणसाला वाचता यावं. आणि मुख्य म्हणजे हा फॉरमॅट वापरायला कुणी पैसे द्यायचे नाहीत. पहिली पक्की आवृत्ती जानेवारी २००४ची.

नुसतं छापून ठेवलं असतं तर तेही कपाटात गेलं असतं. या माणसाने आधी मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरकाव केला, फिनालेत आणि त्याच्या कट्टर प्रतिस्पर्धी ‘सिबेलियस’मध्येही. दोन भांडणाऱ्या भावकींच्या मध्ये बसून दोघांचा सातबारा एकाच नमुन्यात लिहून घेण्यासारखं आहे हे.

२०११ला मेकम्युझिकने रिकॉर्डारेचं काम विकत घेतलं. म्हणजे खुला फॉरमॅट फिनालेवाल्यांच्याच घरात गेला. इथे माझ्यातला बातमीदार जागा झाला, की आता कुलूप लागणार. पण २०१५ला तो तिथून बाहेर काढून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या एका गटाकडे सोपवला गेला. या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना मी हीच धरतो, आणि तिची बातमी कुठल्या पेपरात पहिल्या पानावर आली नसणार. कारण नऊ वर्षांनी फिनाले गेलं, तेव्हा फॉरमॅट त्याच्याबरोबर गेला नाही.

मग लोकांनी काय केलं, तर फिनाले चालतंय तोवर सगळ्या फायली म्युझिक एक्सएमएलमध्ये काढून ठेवल्या. अख्खं फोल्डर एकदम बदलायची सोय फिनालेतच होती. त्या फायली डोरिकोत उघडतात, सिबेलियसमध्ये उघडतात, फुकटच्या ‘म्युझस्कोर’मध्येही. डोरिकोचीही गंमत आहे. २०१२ला सिबेलियसच्या मालकांनी लंडनचं कार्यालय बंद केलं, तिथल्या बऱ्याच जणांना स्टाइनबर्गने कामावर घेतलं आणि त्यांनी २०१६ला डोरिको आणलं. माणसं गेली तशी विद्याही गेली.

पण फार गोड करून सांगत नाही. फायली बदलताना सगळं येत नाही. स्वर, ताल, शब्द येतात. पानावरची मांडणी विस्कटते, खास काढलेल्या रेघा इकडच्या तिकडे होतात. शेकडो पानांची सिंफनी असली तर पुन्हा डोळ्यात तेल घालून तपासायची. आणि जो लेखक फायली न बदलता वारला, त्याच्या घरच्यांनी काय करायचं? स्टॅनफर्डच्या लेलंड स्मिथ यांनी ‘स्कोर’ नावाचं सॉफ्टवेअर सत्तरच्या दशकापासून जवळपास एकट्याने वाढवलं. छपाई इतकी देखणी की मोठमोठे प्रकाशक ते वापरायचे. स्मिथ २०१३ला गेले, आणि त्यांच्यामागे त्या फायली उघडता येणारे थोडे जाणकारच उरले.

आपल्याकडे बघा. भातखंडे आणि पलुस्कर, दोघांनी आपापली स्वरलिपी केली. पलुस्कर तर आपल्या कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र! चुकीच्या चष्म्यातून वाचलं तर गाणं दोन सप्तकं इकडचं तिकडे होईल. तरी आज कुणी विद्यार्थी गोंधळत नाही, कारण कुठलं चिन्ह कशासाठी, याचा खुलासा छापून सगळ्यांच्या हातात दिलेला आहे. भातखंड्यांना जाऊन १९३६पासून इतकी वर्षं झाली, क्रमिक पुस्तक उघडून मुलगी आजही बंदिश बसवते. आणि आपले बरेच संगीत शिक्षक आज तीच बंदिश संगणकावर उतरवतात ती कशात? कुठल्या तरी खास फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर टिंबं आणि रेघा गायब. माझी सीडीच ती, फक्त सुरात. ज्यांच्याकडे अशा फायली असतील त्यांनी आजच्या आज निदान पीडीएफ काढा, आणि एक प्रिंट कागदावर.

सीडीचं सांगायचं राहिलं. गावात एक जुने डीटीपी ऑपरेटर आहेत, त्यांनी माळ्यावरचा संगणक अजून विकलेला नाही. गेल्या महिन्यात दोन रविवार बसून आम्ही ११ पानं काढली. तिसऱ्या रविवारी संगणक चालूच झाला नाही. मयत आणि बेपत्ता लोकांच्या नावांची यादी होती ते पान अजून आत आहे. ऑगस्ट २००५चा आमचा अंक कुणाच्या घरी ट्रंकेत, पोथीच्या फडक्यात, कुठेही असेल तर मोबाइलवर फोटो काढून मला इनबॉक्समध्ये पाठवा. चुरगळलेला असला तरी चालेल.