ला फोलिया (विवाल्दीचा सोनाटा)

व्हेनिसचा संगीतकार अंतोन्यो विवाल्दी (१६७८–१७४१) याचा दोन व्हायोलिन आणि बासो कंटिन्युओ यांच्यासाठी रचलेला, डी मायनरमधील सोनाटा. ऑपस १ या त्याच्या पहिल्या प्रकाशित संग्रहातील बारा सोनाटांपैकी हा शेवटचा. संग्रहाची व्हेनिसमध्ये जुझेप्पे साला याने १७०५ मध्ये छापलेली आवृत्ती काउंट आनिबाले गांबारा याला अर्पण केलेली आहे. विवाल्दीच्या रचनांच्या रिऑमने केलेल्या सूचीत या रचनेचा क्रमांक आरव्ही ६३ आहे.

सतराव्या शतकात इटलीत सोनाटाचे दोन प्रकार रूढ होते. चर्चमध्ये वाजवायच्या ‘सोनाटा दा किएझा’त संथ आणि द्रुत खंड आलटूनपालटून येत, दिवाणखान्यातील मैफलीसाठी असलेल्या ‘सोनाटा दा कामेरा’त आलमांद, कोरेंते, जीग अशा नृत्यांच्या लयींवर बेतलेले खंड असत. ऑपस १ दुसऱ्या प्रकारात मोडतो. अशा रचनेत लिहिलेल्या स्वरपंक्ती तीन, म्हणून तिला ‘त्रयी सोनाटा’ म्हणतात; वादक मात्र बहुधा चार असतात. खालची पंक्ती चेलोसारखे खर्जाचे वाद्य वाजवते आणि तिच्याच आधारे हार्पसिकॉर्डवादक स्वरसंघात आयत्या वेळी भरत जातो. यालाच कंटिन्युओ म्हणतात.

बाराव्या सोनाटात नृत्यखंडांची मालिका नाही. तो सलग असून ‘फोलिया’ या एकाच चालीवर उभा आहे. फोलिया म्हणजे वेडेपणा. आयबेरियन द्वीपकल्पातील हे नृत्य मुळात वेगवान आणि धसमुसळे होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला संथ, भारदस्त रूप आले. तीन मात्रांच्या लयीतील ही चाल सोळा बारांची आहे. पहिले आठ बार पंचमाच्या स्वरसंघातावर अधांतरी थांबतात, पुढचे आठ जवळजवळ त्याच वाटेने जाऊन षड्जावर विसावतात. दुसऱ्या मात्रेवर पडणारा भार ही तिची खूण.

संग्रहाचा शेवट अशा, एकाच आवर्ती चालीवर उभ्या असलेल्या रचनेने करण्याची प्रथा आर्कांजेलो कोरेल्ली याने घालून दिली होती. त्याचा ऑपस २ (१६८५) चाकोना या आवर्ती खर्जपंक्तीवरील रचनेने संपतो, तर ऑपस ५ (१७००) एका व्हायोलिनसाठी रचलेल्या फोलियाच्या २३ रूपांतरांनी. विवाल्दीने तोच स्वर आणि तीच चाल घेतली, पण व्हायोलिन दोन ठेवली.

मूळ चालीनंतर १९ रूपांतरे येतात. स्वरसंघातांचा क्रम प्रत्येक आवर्तनात जवळपास कायम राहतो. बदलते ती वरची वीण. दोन्ही व्हायोलिनांचा दर्जा समान आहे: एकाने टाकलेला तुकडा दुसरे उचलते, कधी दोन्ही समांतर धावतात, कधी एकमेकांना ओलांडतात. काही ठिकाणी खालची पंक्तीही साथ सोडून जलद स्वरांच्या धावपळीत उतरते. मध्येच येणारी संथ रूपांतरे हा वेग रोखून धरतात आणि त्यानंतरची द्रुत रूपांतरे अधिक जोरकस वाटतात. शेवट द्रुत लयीतच होतो.

कोरेल्लीचा प्रभाव या रचनेत उघड दिसतो. मात्र एकाच लयाकृतीची आग्रही पुनरावृत्ती आणि दोन वाद्यांमधील चढाओढ ही विवाल्दीची पुढची ओळख येथेच जाणवते. १७११ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेल्या ‘लेस्त्रो आर्मोनिको’ या कंचेर्तोसंग्रहात ती पूर्णपणे विकसित झाली. सुमारे दहा मिनिटांचा हा सोनाटा ऑपस १ मधील सर्वाधिक वाजवली जाणारी रचना आहे.