केंदूरच्या ताम्रपटापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत : मराठी अक्षरजुळणी आणि ग्राफिक्स कार्डाची गरज

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव वारकरी परंपरेत संत कान्हूराज पाठक यांच्यामुळे, तर इतिहासाच्या अभ्यासकांना बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसऱ्या कीर्तिवर्म्याच्या ताम्रपटामुळे परिचित आहे. शके 672, म्हणजे इ. स. 750 मधील हा संस्कृत दानलेख का. बा. पाठक यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात संपादित केला. त्याची लिपी आजच्या देवनागरीहून वेगळी आहे. तरीही सुमारे पावणेतेराशे वर्षांनंतर जाणकाराला ती वाचता येते. याउलट 1995 च्या सुमारास एखाद्या गावाची स्मरणिका, सहकारी संस्थेचा अहवाल किंवा महाविद्यालयाचे नियतकालिक ज्या संगणकीय फाइलमध्ये जुळवले गेले, ती फाइल आज उघडली असता बहुधा निरर्थक रोमन चिन्हांची रांग समोर येते.

हा विरोधाभास कसा निर्माण झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. डेस्कटॉप पब्लिशिंग, म्हणजेच सर्वतोमुखी झालेल्या ‘डीटीपी’चा इतिहास बहुधा सॉफ्टवेअरचा इतिहास म्हणून सांगितला जातो. येथे तो पडद्यावर अक्षर रेखाटणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या बाजूने पाहिला आहे. अधिक वेगवान कार्डाची मागणी हा वापरकर्त्यांचा हौसेचा भाग होता की लिपीच्या स्वरूपातून आलेली ती गरज होती, हा यातील मुख्य प्रश्न आहे.

1. खिळ्यांची परंपरा

गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळेवर हस्ताक्षरच उमटत असल्याने अक्षरजुळणीचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. तो उभा राहिला खिळ्यांच्या छपाईत. जावजी दादाजी यांनी 1864 मध्ये टाइप फाउंड्री व 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील राणोजी रावजी आरू यांच्या कौशल्यामुळे देवनागरी टाइपाला जे सौष्ठव लाभले, ते पुढील अनेक दशके आदर्श मानले गेले.

तथापि सौष्ठवाची किंमत संख्येत मोजावी लागत होती. रोमन लिपीसाठी दोन केस पुरत. देवनागरीची जोडाक्षरे, काने-मात्रा, रफार आणि रकार यांच्यासाठी शेकडो खिळे लागत. अक्षर एकाच रेषेत बसत नाही. शिरोरेषेच्या वर मात्रा व अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर आणि खाली उकार असे त्याचे तीन थर असतात. खिळाजुळाऱ्याचा हात ज्या अडचणीशी झगडला, तीच अडचण पुढे संगणकाच्या पडद्यापुढे उभी राहिली.

2. पडदा, स्मृती आणि लिपी

1981 च्या आयबीएम पीसीच्या एकरंगी मजकूर-कार्डावर अक्षरांची चित्रे कायमस्वरूपी साठवलेली असत. एका वेळी 80 अक्षरांच्या 25 ओळी दिसत आणि एकूण चिन्हे 256. प्रत्येक चिन्ह ठराविक चौकटीतच बसे. मागच्या अक्षरावर वेलांटी चढवण्याची सोय त्यात नव्हती. अशा यंत्रावर मराठी मंदावली असती असे म्हणणे अपुरे ठरेल. ती उमटणेच शक्य नव्हते.

ही अडचण केवळ आपली नव्हती. 1982 मध्ये बाजारात आलेल्या 720 × 348 बिंदूंच्या प्रसिद्ध हर्क्युलिस कार्डाचा जन्म व्हॅन सुवन्नुकुल या थाई अभियंत्याच्या गरजेतून झाला. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा, असे कार्ड हवे होते. ग्राफिक्स कार्डाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या टप्प्यामागे खेळ वा चित्रे नसून आशियातील एक लिपी होती, ही बाब लक्षणीय आहे.

भारतात याच दिशेने आयआयटी कानपूर येथे संशोधन झाले आणि 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमधून ते ‘जिस्ट’ कार्डाच्या रूपाने लोकांपर्यंत पोहोचले. ‘ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी’ या पूर्ण नावातच ग्राफिक्स आणि लिपी यांचे नाते व्यक्त झाले आहे. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की डॉसवरील मजकूरप्रधान प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसू लागे. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. साठवणूक ‘इस्की’ या संकेतप्रणालीत ध्वनीनुसार होई, तर जोडाक्षराचे दृश्य रूप कार्ड ठरवी. 1991 मध्ये ‘आयएस 13194’ म्हणून भारतीय मानक झालेल्या या प्रणालीचे हे तत्त्व पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

3. पेजमेकरचे दशक

अ‍ॅल्डस कंपनीचे पेजमेकर 1985 मध्ये मॅकिंटॉशवर आणि 1987 मध्ये विंडोजवर आले. अ‍ॅपलचा लेसरप्रिंटर, अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आणि पेजमेकर या तिहींच्या संयोगातून डीटीपीचा व्यवसाय उभा राहिला. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे इस्फॉक फॉन्ट आणि बंगळूरची आकृती ही साधने प्रचलित झाली. लग्नपत्रिका, यात्रेची हस्तपत्रके, निवडणुकीची पत्रके आणि संस्थांचे अहवाल हे तालुक्याच्या ठिकाणच्या डीटीपी केंद्रांचे नित्याचे काम होते.

या केंद्रांतील चालकाला जलद कार्ड का हवे होते, हे साध्या गणिताने समजते. 1987 च्या व्हीजीए पडद्यावर 16 रंगांत 640 × 480 बिंदू दाखवण्यास 150 किलोबाइट स्मृती लागते; 256 रंगांत 1024 × 768 बिंदूंसाठी 768 किलोबाइट. ए-4 आकाराचे पान 300 डीपीआयने पाहिले तर त्यात सुमारे 87 लक्ष बिंदू असतात. 640 × 480 च्या पडद्यावरील बिंदू 3,07,200, म्हणजे पानाच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाच्या आसपास. पूर्ण पान पाहायचे तर अक्षर पुसट होणार आणि अक्षर पाहायचे तर पान तुकड्यातुकड्यांनी सरकवावे लागणार. प्रत्येक सरकण्याबरोबर पडदा नव्याने रेखाटला जाई. फॉन्टच्या बाह्यरेषांतून बिंदू तयार करण्याचे काम मुख्य प्रोसेसरच करी आणि ते बिंदू जुन्या आयएसए मार्गावरून संथपणे कार्डाकडे जात.

रोमन मजकुरासाठी यातून पळवाट होती. ठरावीक मापाहून लहान अक्षरांच्या जागी पेजमेकर राखाडी पट्टे दाखवी आणि चित्रेही राखाडी ठेवण्याची मुभा देई. त्यामुळे पडदा लवकर भरे. मराठीत मात्र ही सोय अर्धीच कामाची होती. 96 डीपीआयच्या पडद्यावर 12 पॉइंटच्या अक्षराला उंचीत 16 बिंदू मिळतात आणि त्यांत वर उल्लेखिलेले तिन्ही थर बसवावे लागतात. अनुस्वार सुटला की नाही, उकार ऱ्हस्व की दीर्घ, रफार योग्य अक्षरावर आहे की पुढच्या, हे ठरवण्यासाठी पान दुप्पट मोठे करून पाहणे भाग होते. म्हणजेच ऱ्हस्व-दीर्घाच्या शुद्धतेचा भार अखेर ग्राफिक्स कार्डावर पडत होता. जेथे कार्ड मंद, तेथे पडद्यावर तपासणी टाळून छापील प्रुफावर विसंबण्याकडे कल असणे स्वाभाविक होते.

1991 मध्ये एस3 कंपनीने विंडोजची रेखाटनाची कामे स्वतः करणारी चिप आणली आणि 1992 मध्ये पीसीआय मार्ग जाहीर झाला. त्याची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला 133 मेगाबाइट होती. पानाचे सरकणे यामुळे सुसह्य झाले.

4. वेगाची किंमत

विंडोजबरोबर जिस्ट कार्डाची निकड संपली, पण त्यामागील तत्त्वही मागे पडले. पेजमेकरला देवनागरीची जाण नव्हती. म्हणून अक्षरांचे तुकडे रोमन चिन्हांच्या जागी बसवलेले फॉन्ट तयार झाले आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी ठरली. फाइलमध्ये साठवला जाऊ लागला तो ध्वनी नव्हे, तर अक्षराचा आकार. खिळ्यांच्या केसचीच ही संगणकीय आवृत्ती होती. फरक इतकाच, की केस हरवली तरी छापलेले पान वाचता येते, फॉन्ट हरवला की फाइल मुकी होते.

5. युनिकोडनंतर

विंडोज 2000 मध्ये र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉन्ट आणि युनिकोड देवनागरीची सोय आली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 ची. ती या सोयीविनाच राहिली. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट जुळवण्याची व्यवस्था 2012 च्या सीएस6 आवृत्तीत आली. मधल्या काळात जुन्या फॉन्टांतील मजकूर वाढतच गेला.

आजच्या 3840 × 2160 बिंदूंच्या पडद्याला प्रत्येक बिंदूस चार बाइट याप्रमाणे सुमारे 33 मेगाबाइट स्मृती लागते. 1987 च्या व्हीजीए पडद्याच्या ती 216 पट आहे. पान मोठे-लहान करणे आणि सरकवणे यांत ग्राफिक्स प्रोसेसरचा उपयोग होतो. परंतु ओळी तोडणे व जोडाक्षरे ठरवणे हे काम आजही प्रामुख्याने मुख्य प्रोसेसरकडेच असते. त्यामुळे महागडे कार्ड घेऊनही मोठ्या ग्रंथाची जुळणी त्या प्रमाणात जलद होत नाही.

निष्कर्ष

1. देवनागरीच्या बाबतीत ग्राफिक्स क्षमतेची मागणी ही हौस नसून लिपीच्या त्रिस्तरीय रचनेतून आलेली गरज होती.

2. जिस्ट कार्डाने दृश्य रूप व साठवणूक यांची केलेली फारकत दूरदृष्टीची होती. डीटीपीच्या दशकात ती सोडल्यामुळे तात्कालिक सोय झाली आणि दीर्घकालीन वाचनीयता गमावली.

3. 1990 ते 2010 या काळातील ग्रामीण व संस्थात्मक मुद्रणाच्या फाइली हे स्थानिक इतिहासाचे साधन आहे. मूळ फॉन्ट उपलब्ध आहेत तोवरच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर शक्य आहे. महाविद्यालयांनी निदान आपल्या नियतकालिकांच्या व अहवालांच्या जुन्या फाइलींपासून या कामास प्रारंभ करावा.

केंदूरच्या ताम्रपटाला वाचक मिळाला, कारण धातूवर अक्षर उरले होते. आपल्या काळातील फाइलींना तो मिळेल की नाही, हे पुढील काही वर्षांत आपण काय जपतो यावर अवलंबून आहे.