मेसनविरोधी वृत्तपत्रे, अमेरिकेतील

फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघाच्या विरोधात १८२६ नंतर अमेरिकेच्या ईशान्य भागात, मुख्यतः न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात निघालेली पत्रे. बहुतेक साप्ताहिक आणि अल्पजीवी.

तत्पूर्वी वृत्तपत्रांचा सूर सामान्यतः आदराचा होता. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९३ मध्ये मेसन विधीने कॅपिटॉलची कोनशिला बसविली, त्याचे वर्णन अलेक्झांड्रियाच्या पत्राने कौतुकाने छापले. बेंजामिन फ्रँक्लिनने मात्र १७३० मध्येच ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मधून मेसनांच्या रहस्यांची टर उडविली होती, पुढच्याच वर्षी तो स्वतः मेसन झाला.

बटेव्हिया येथील विल्यम मॉर्गन हा पाथरवट मेसनांचे विधी उघड करणारे पुस्तक काढणार, असे १८२६ मध्ये कळताच त्याचा मुद्रक डेव्हिड मिलर याच्या छापखान्याला आग लावण्याचा प्रयत्न झाला. मिलर ‘रिपब्लिकन ॲडव्होकेट’ या स्थानिक पत्राचा संपादक. त्याच वर्षी सप्टेंबरात, किरकोळ कर्जापायी कॅनन्डेग्वाच्या तुरुंगात असलेल्या मॉर्गनला पळविण्यात आले. तो पुन्हा दिसला नाही. त्याचा खून झाला असे बहुतेक मानतात. मेसनांना ते मान्य नव्हते.

अनेक पत्रांनी हे वृत्त दिले नाही किंवा उशिरा दिले. संपादकच मेसन, म्हणून गप्प, असा आरोप झाला आणि मौन हाच पुरावा ठरला. रॉचेस्टरच्या थर्लो वीडने ही संधी नेमकी हेरली. त्याने १८२८ मध्ये ‘अँटी-मेसॉनिक एन्क्वायरर’ आणि १८३० मध्ये ‘आल्बनी ईव्हनिंग जर्नल’ सुरू केले. ऑक्टोबर १८२७ मध्ये ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी सापडलेले प्रेत मॉर्गनचे ठरविण्यात आले होते. पुढे टिमथी मन्रो या कॅनडातील माणसाच्या विधवेने ते कपड्यांवरून ओळखले. निवडणूक होईपर्यंत हाच मॉर्गन चालेल, असे वीड म्हणाल्याचे विरोधी पत्राने छापले. वीडने इन्कार केला, पण ते वाक्य त्याला जन्मभर चिकटले.

या पत्रांच्या बळावर उभ्या राहिलेल्या मेसनविरोधी पक्षाचा उमेदवार विल्यम वर्ट १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत केवळ व्हरमाँटमध्ये जिंकला. तो स्वतः पूर्वाश्रमीचा मेसन. न्यूयॉर्क राज्यातील मेसन लॉजची (स्थानिक शाखांची) संख्या मात्र झपाट्याने घटली.

मेसनांची बाजू ‘बॉस्टन मेसॉनिक मिरर’ने मांडली.

१८३० च्या दशकाअखेर ही पत्रे बंद पडली किंवा व्हिग पक्षाची मुखपत्रे झाली. वीडचे ‘जर्नल’ दुसऱ्या प्रकारातले.