तंजावरचे दोन पत्ते

ओमाहा पोकरमध्ये हाती चार पत्ते येतात, पण वापरायचे नेमके दोनच. चारही जपायला गेलेला नवखा तिथंच फसतो. मला यावरून तंजावरचे दुसरे सरफोजीराजे आठवतात.

१७९८ मध्ये ते कंपनीच्या पाठिंब्याने गादीवर बसले. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. उरलं काय? तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा नाणी आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा.

गेलेल्या राज्यापायी त्यांनी उरलेलं पणाला लावलं नाही. पैसा ग्रंथ आणि हस्तलिखितांत घातला; १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला.

१८५५ मध्ये राज्य खालसा झालं. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र आजही वाचकांसाठी उघडं आहे. डाव हरला म्हणून निर्णय चुकला, असं म्हणायची घाई करू नका.