कंपन्या गेल्या, नंबर राहिला

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "घरात रेंज नाही, पडवीत येऊन बोलावं लागतं, रिचार्ज महाग झालं. तरी आपण तेच कार्ड का वापरतो?" शेजारची सुकी मासळी विकणारी वहिनी म्हणाली, "नंबर बदलला तर माझी गिऱ्हाइकं कुठं शोधू?" आजचं बोलणं त्यावरच.

आपल्या किनाऱ्यावरची माणसं मुंबईला कामाला. त्यांचा निरोप यायचा पत्रातून, मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळींतून, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने येणाऱ्या कुणाच्या तोंडी. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. "तुमच्या मुलाचा फोन आलाय" असं दुकानदार ओरडला की आई हातातलं काम टाकून धावायची.

देशातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि मिस्ड कॉलचा जमाना आला. माझ्या मते खेड्यातली बाई खरी मोबाइलवाली झाली ती तेव्हा. एक रिंग दिली की मुंबईचा मुलगा उलट फोन करायचा.

पण कंपनी सोडली तर नंबरही सोडावा लागायचा. त्या भीतीनेच कितीतरी जणी वाईट सेवेला चिकटून राहिल्या. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. पुढे २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. एअरसेल बंद पडली, आयडिया आणि व्होडाफोन २०१८ मध्ये एक झाल्या. कंपन्यांच्या पाट्या बदलल्या, आपला नंबर तोच.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय ना? श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडे वीज गेली, टॉवर बंद पडले. रेंज शोधत लोक मैलभर चालले. नंतर मी गटात विचारलं, कार्ड कुणी बदललं? एकीनेही नाही. "दुसऱ्याचा टॉवर तरी कुठं उभा होता?" असं उत्तर मिळालं. तेही खरंच. काही वाड्यांवर एकाच कंपनीची रेंज पोचते. तिथे निवड कसली करायची!

आता नंबराला बँक, गॅस, आधार सगळं बांधलेलं. इथे माझा जीव अडकतो. आमच्या एका ताईंचा फोन बरेच दिवस रिचार्जविना पडून होता. ९० दिवस काहीच वापर नसला तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला जाऊ शकतो. ताईंचा नंबर असाच गेला. कर्जाचे पैसे खात्यात आले, पण मेसेज भलत्याच माणसाला. दुसऱ्या एकीच्या खात्याला मुलाचा नंबर. ओटीपी जातो पनवेलला, आणि पैसे काढायला मुलाची ड्यूटी सुटायची वाट बघायची.

कंपनी बदलायची असेल तर पोर्ट लिहून, जागा सोडून, आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज करायचा. येत्या बैठकीला पासबुक आणि मोबाइल दोन्ही आणा. कुणाच्या खात्याला कुणाचा नंबर लावलाय आणि कार्ड कुणाच्या नावावर आहे, ते आधी रजिस्टरमध्ये लिहून काढू.