मोटारसायकलविषयक कायदे

सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल चालविण्यासाठी वाहनाची नोंदणी, चालकाची अनुज्ञप्ती, त्रयस्थ व्यक्तीच्या हानीबद्दलचा विमा आणि स्वाराचे शिरस्त्राण या चार गोष्टी भारतात कायद्याने आवश्यक आहेत. त्या एकाच वेळी अस्तित्वात आलेल्या नाहीत. वाहन व चालक ओळखता यावेत ही गरज विसाव्या शतकाच्या आरंभीच कायद्याने मान्य केली. वाहनाखाली सापडणाऱ्या माणसाच्या भरपाईची सोय होण्यास त्यानंतर चार दशके लागली. आणि ज्याला सर्वांत अधिक धोका असतो त्या स्वाराकडे कायद्याचे लक्ष सर्वांत शेवटी गेले. हा क्रम ध्यानात घेतल्यावाचून आजच्या तरतुदींतील काही विसंगतींचा उलगडा होत नाही.

मुंबई–आग्रा हमरस्त्यावर, मोसम व गिरणा या नद्यांच्या परिसरात वसलेले मालेगाव (जि. नासिक) हे यंत्रमागांचे शहर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. माग रात्रंदिवस चालतात, पाळ्या बदलतात. कामगार, सुताचे व्यापारी, दुरुस्ती करणारे कारागीर या सर्वांची ये-जा मुख्यतः दुचाकीवरून होते. मोसम पूल व किदवाई रस्ता येथील गर्दीत पादचारी, हातगाडी, रिक्षा व मोटारसायकल एकाच अरुंद पट्ट्यातून वाट काढतात आणि जवळून जाणाऱ्या हमरस्त्यावर अवजड मालमोटारी धावत असतात. एकाच घरातील मोटारसायकल भाऊ, मेहुणा, शेजारी अशा अनेकांच्या हाती जाते. कायद्याने मालक, चालक व त्रयस्थ असे जे वर्ग पाडले आहेत, ते अशा ठिकाणी वरचेवर एकमेकांत मिसळतात.

मुंबई इलाख्यात मोटारवाहनांसंबंधीचा पहिला कायदा १९०४ मध्ये झाला. निरनिराळ्या प्रांतांच्या अशा कायद्यांच्या जागी १९१४ चा भारतीय मोटारवाहन अधिनियम आला. त्याने नोंदणी व अनुज्ञप्ती सक्तीची केली आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस वाहन चालविण्याची मनाई केली. विम्याचा त्यात उल्लेख नव्हता. वाहने थोडी होती व बाळगणारे सधन होते, त्यामुळे भरपाई वसूल होण्याची अडचण फारशी जाणवली नसावी. दुचाकी तर त्यातही विरळ. १९५१ मध्येसुद्धा देशातील सुमारे ३ लाख ६ हजार नोंदलेल्या वाहनांपैकी दुचाकी अवघ्या २७ हजार होत्या. हे चित्र पालटण्यास महाराष्ट्रातील कारखान्यांचा मोठा हातभार लागला. पुण्याच्या बजाज कारखान्याची चेतक स्कूटर व कायनेटिकची लूना ही छोटी मोपेड या दोन्ही १९७२ मधील होत. आज देशातील दर चार वाहनांपैकी सुमारे तीन दुचाकी आहेत.

नोंदणीचा मूळ हेतू ओळख पटविणे हा आहे. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या मोटारवाहन अधिनियमानुसार राज्य, कार्यालय व अनुक्रम दर्शविणारी एकसूत्री क्रमांकपद्धती रूढ झाली. नासिक कार्यालयाकडे ‘एमएच १५’ ही संज्ञा आली; पुढे मालेगावास स्वतंत्र उपप्रादेशिक परिवहन कार्यालय होऊन त्यास ‘एमएच ४१’ ही संज्ञा मिळाली आणि अनुज्ञप्तीसाठी शंभरएक किलोमीटरवरील नासिकला जाण्याची खेप वाचली. परंतु क्रमांकपट्टी बदलता येते. खरी ओळख सांगाड्यावर व एंजिनावर कोरलेल्या क्रमांकांत असते. मालेगावात २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात झालेल्या स्फोटात सहा जण मृत्युमुखी पडले. त्याच्या तपासात एक मोटारसायकल केंद्रस्थानी होती व तिच्यावरील क्रमांक बनावट असल्याचे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. त्या वाहनाची मालकी आणि स्फोटके त्याच वाहनात ठेवली होती ही बाब, या दोन्ही गोष्टी शाबीत झाल्या नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. सांगाड्याचा क्रमांक पूर्णपणे वाचता आला नव्हता. साध्या रस्ता-वाहतुकीसाठी घालून दिलेल्या नोंदीवर पुराव्याचा केवढा भार पडू शकतो, हे यावरून दिसते.

अनुज्ञप्तीसाठी सर्वसाधारण किमान वय अठरा वर्षे आहे. एंजिनाची धारणशक्ती ५० घ. सेंमी. पेक्षा अधिक नसल्यास सोळाव्या वर्षी सवलत मिळते. उमेदवारास प्रथम शिकाऊ अनुज्ञप्ती मिळते, तिची मुदत सहा महिने असते व पक्क्या अनुज्ञप्तीची परीक्षा तीस दिवसांनंतरच देता येते. या काळात पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगातील ‘एल’ हे अक्षर वाहनावर लावावे लागते आणि अनुज्ञप्तीधारक शिक्षकाखेरीज कोणासही मागे बसविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनुज्ञप्तीवाचून वाहन चालविण्याचा दंड ५,००० रु. केला. अल्पवयीन चालकाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रु. दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही. ज्या घरी मुलगा दहावीला जाताच मोटारसायकलची किल्ली त्याच्या हाती येते, त्या घराला या तरतुदीची माहिती बहुधा अपघातानंतरच होते.

सक्तीच्या विम्याची कल्पना इंग्लंडमधील १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्यावरून घेतलेली आहे. भारतात १९३९ च्या मोटारवाहन अधिनियमाच्या आठव्या प्रकरणात ती आली. मात्र ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. १९५६ च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय केली, तर १९८२ मध्ये चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रु. देण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ अन्वये ही रक्कम मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये झाली आहे.

विमा सक्तीचा असला, तरी दुचाकींच्या बाबतीत तो पुष्कळदा केवळ पहिल्या वर्षापुरता उतरविला जाई. अठरा कोटी वाहनांपैकी सुमारे सहा कोटी वाहनांचाच विमा आहे, ही बाब सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि २० जुलै २०१८ च्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ विमा आवश्यक ठरला. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० घ. सेंमी. च्या दुचाकीचा त्रयस्थ विम्याचा वार्षिक हप्ता ७१४ रु. होता. विम्यावाचून वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रु. दंड आहे. खरे संकट दंडाचे नव्हे. मृत पादचाऱ्याच्या कुटुंबास द्यावयाची सर्व भरपाई तेव्हा मालकाच्या घरादारावर येते. विमा आहे पण चालकाकडे अनुज्ञप्ती नाही, अशा प्रकरणी विमा कंपनीने त्रयस्थास प्रथम पैसे द्यावेत व नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, हा मार्ग स्वर्णसिंग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने दाखविला. म्हणजे जखमी वाचतो, मालक वाचत नाही.

त्रयस्थ या शब्दाचा अर्थ येथे निर्णायक ठरतो. तो रस्त्यावरचा माणूस होय. वाहनावर बसलेला नव्हे. स्कूटरच्या मागे विनामूल्य बसलेल्या माणसाची जोखीम कायद्याने सक्तीच्या केलेल्या किमान विम्यात येत नाही, असे तिलकसिंग खटल्यात (२००६) ठरले. सर्वसमावेशक विमापत्रात त्याचा अंतर्भाव होतो. पण जुन्या मोटारसायकलसाठी असे विमापत्र घेणारे थोडे. उसनी मोटारसायकल चालविणाऱ्याची स्थिती याहून बिकट आहे. निंगम्मा खटल्यातील (२००९) मृत व्यक्ती दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन निघाली होती व बैलगाडीवर आदळली. वाहन उसने घेणारा मालकाच्याच जागी येतो. म्हणून त्याच्या वारसांना दोषनिरपेक्ष सूत्रानुसार भरपाई मागता येत नाही, असा निर्णय झाला. मालेगावसारख्या ठिकाणी शेजाऱ्याची गाडी मागून नेणे हा नित्याचा व्यवहार आहे आणि त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही. मालक स्वतः चालक असल्यास त्याच्यासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो. दुचाकीस्वारासाठी त्याची रक्कम पूर्वी केवळ १ लाख रु. होती, २०१८ मध्ये ती १५ लाख करण्यात आली. मात्र त्यासाठी वाहन स्वतःच्या नावे व अनुज्ञप्ती वैध असावी लागते. जुनी गाडी विकत घेऊन नोंदणी बदलून न घेणारा यातून सुटतो.

शिरस्त्राणाचा विचार वैद्यकशास्त्राकडून कायद्यात आला. अरबस्तानातील मोहिमेमुळे प्रसिद्धी पावलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्याने पुढे लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतात १९७७ च्या दुरुस्तीने शिरस्त्राणासंबंधीचे कलम ८५-अ घालण्यात आले. हैदराबादच्या एका रहिवाशाने अशा सक्तीला आव्हान दिले असता, संचारस्वातंत्र्यावर हा घाला नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. १९८८ च्या अधिनियमातील कलम १२९ त्याच धर्तीचे असून पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीस त्यातून सूट आहे.

महाराष्ट्रात या कलमाला कायद्यापेक्षा लोकमताचा अडथळा अधिक झाला. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून सक्ती सुरू होताच संघटित विरोध झाला. नासिक शहरात १५ ऑगस्ट २०२१ पासून शिरस्त्राण नसणाऱ्यास पेट्रोल न देण्याचा उपक्रम सुरू झाला. मालेगाव नासिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असल्याने तो तेथे लागू नव्हता. विरोधकांचा उन्हाचा व गैरसोयीचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, परंतु आकडे त्यांच्या बाजूचे नाहीत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी सुमारे ४४·५ टक्के दुचाकीवरील होती. शिरस्त्राण न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती व त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते.

२०१९ पासून शिरस्त्राणाचा नियम चार वर्षांवरील प्रत्येकास लागू आहे. भंग केल्यास १,००० रु. दंड व तीन महिने अनुज्ञप्तीस अपात्रता अशी शिक्षा आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून सुरक्षापट्टा व शिरस्त्राण आवश्यक झाले असून असे मूल वाहनावर असता वेग ताशी ४० किमी. पेक्षा अधिक ठेवता येत नाही. मात्र चालकामागे एकच माणूस बसावा, हा १९३९ पासूनचा नियम कलम १२८ मध्ये तसाच राहिला आहे. आईवडील व एक मूल एका मोटारसायकलवर निघाले, तर तो भंग होतो. २०२३ मध्ये केरळने लहान मुलास यातून वगळण्याची मागणी केली होती; केंद्र शासनाने ती मान्य केली नाही.