पहारेकऱ्याला ठाऊक नसलेला शब्द

कोपर स्थानकात दोन रेल्वेमार्ग एकमेकांना ओलांडतात. खालून मुंबई-कल्याण हा मुख्य मार्ग, वरून वसईकडे जाणारा. खालचे रूळ फार जुने. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी आली आणि 1 मे 1854 पासून ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत धावू लागली. तेव्हा कोपरला स्थानक नव्हते, पण समोरचा माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का, हा प्रश्न रेल्वेबरोबर या पट्ट्यात आला तो कायमचाच. आज इथला प्रवासी मोबाइलवर तिकीट काढतो. आधी आपला क्रमांक देतो, मग पासवर्ड किंवा पिन. दूरवरचा एक संगणक क्षणात ठरवतो की हा तोच. त्या क्षणामागचा इतिहास बहुधा संगणकांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो त्याहून बराच जुना आहे आणि त्याची दिशा एकच राहिली आहे: तपासणाऱ्याला गुपित जितके कमी ठाऊक, तितकी तपासणी पक्की.

पासवर्डला मराठीत परवलीचा शब्द म्हणतात. हा छावणीतला शब्द. रात्री पहाऱ्यावरचा शिपाई हटकतो, येणारा ठरलेला शब्द सांगतो, वाट मोकळी होते. या रीतीचे दुखणे उघड आहे. शब्द शिपायालाही ठाऊक असावा लागतो, म्हणून शिपाई फितला की शब्द फुटला. फितुरीची ही भीती मराठी राज्यकारभाराने नीट ओळखली होती. सभासद बखरीत किल्ल्याच्या व्यवस्थेचे वर्णन आहे: हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे एकाच दर्जाचे तीन अधिकारी, तिघांनी मिळून कारभार करायचा. एकाच्या हाती सगळे द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार. सराफांनी वेगळी युक्ती काढली. हुंडीत रक्कम अक्षरी लिहीत, मग तिची निम्मी लिहीत आणि त्या निमपटीची दुप्पट पुन्हा मूळ रकमेशी जुळवून दाखवीत. कोणी एक आकडा खोडला तर उरलेले त्याच्याविरुद्ध साक्ष देत. इथे पेढीवरच्या माणसाला कसलेही गुपित सांभाळावे लागत नव्हते. कागद स्वतःच आपली शहानिशा करून देत होता.

उपनगरी रेल्वेच्या पासमध्येही हेच तत्त्व आहे. पासावर ओळखपत्राचा क्रमांक असतो, ओळखपत्रावर प्रवाशाचा फोटो. टीसीला प्रवाशाबद्दल आधीपासून काहीच माहीत नसते आणि असायची गरजही नसते. तो फक्त प्रवाशाच्याच हातातल्या दोन गोष्टी एकमेकींशी आणि समोरच्या चेहऱ्याशी जुळवतो. प्रवाशांना न दिसणारी, पण मला या सगळ्यांत सर्वांत विलक्षण वाटणारी रीत मात्र स्टेशन मास्तरांच्या टेबलावर आहे. तिला प्रायव्हेट नंबर म्हणतात. दोन स्थानकांनी फोनवर एकमेकांना काही कळवायचे असेल, किंवा फाटक बंद केल्याची खात्री गेटमनने द्यायची असेल, तर सांगणारा शेवटी एक दोन आकडी क्रमांक देतो. हे क्रमांक क्रमाने नसतात, मुद्दाम विस्कटलेले असतात. त्यांचा तक्ता ज्याचा त्याने कुलपात ठेवायचा, वापरलेला क्रमांक तिथल्या तिथे खोडायचा आणि तो कोणत्या गाडीसाठी, कोणत्या निरोपासाठी दिला हे लिहून ठेवायचे. पलीकडचाही तो क्रमांक आपल्या नोंदवहीत उतरवतो. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा चालत नाही, म्हणजे कुणी फोनवर कान देऊन ऐकला तरी उद्या त्याचा उपयोग शून्य.

यावर कोणी म्हणेल, हा पासवर्ड नव्हेच. ऐकणाऱ्याकडे समोरच्याचा तक्ता नसतो, मग क्रमांक खरा की खोटा हे त्याला त्या वेळी कळणार कसे? आक्षेप रास्त आहे. त्या घटकेला तो आवाजावर आणि फोनच्या ठरावीक तारेवर विसंबतो. प्रायव्हेट नंबरची खरी परीक्षा नंतर होते, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर. तेव्हा ‘मी सांगितलेच नव्हते’ किंवा ‘मला सांगितले होते’ यातले खोटे टिकत नाही. पण ऐकणाऱ्याकडे तक्ता नाही, याच कारणाने तो समोरच्याच्या नावाने क्रमांक रचू शकत नाही. तक्ता त्याच्याकडे असता तर अपघातानंतर कोणाचीच वही पुरावा ठरली नसती. जी उणीव वाटते तीच या रीतीची ताकद आहे.

संगणक हे शहाणपण उशिरा शिकले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1961 साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या पुढाकाराने एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याची व्यवस्था उभी राहिली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. सगळ्यांचे पासवर्ड एका फायलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. पहारेकऱ्याला सारे ठाऊक! 1962 मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला यंत्राचा वेळ पुरेना म्हणून, ती फाइल छापून घेतली. पुढे 1966 च्या सुमारास दोन फायलींची अदलाबदल झाली आणि दिवसाची सूचना दिसायची तिथे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. गुपित एका जागी साठवले होते, एवढाच दोष.

उपाय केंब्रिज विद्यापीठातून आला. तिथल्या टायटन संगणकावर रॉजर नीडहॅम यांनी पासवर्ड साठवायचाच नाही असे ठरवले. पासवर्ड एका गणिती जात्यातून दळायचा आणि फक्त पीठ ठेवायचे. माणूस पुन्हा आला की त्याने दिलेला शब्द दळून पाहायचा, पिठाशी पीठ जुळले तर दार उघडायचे. तोच शब्द दर वेळी तेच पीठ देतो, पण पिठावरून दाणा परत घडवता येत नाही. या दळण्याला आज हॅशिंग म्हणतात. तरीही चोराला एक वाट राहते: पिठाची वही पळवायची, घरी बसून लाखो शब्द दळायचे आणि जुळते का पाहायचे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 च्या निबंधात हे आकड्यांनिशी दाखवले. त्यांनी जमवलेल्या 3,289 पासवर्डांपैकी 2,831, म्हणजे सुमारे 86 टक्के, अगदी आखूड किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. दळण्याआधी प्रत्येकाच्या शब्दात वेगळी चिमूट टाकली, इंग्रजीतही तिला मीठच म्हणतात. त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे आणि चोराला प्रत्येकासाठी नव्याने दळत बसावे लागते. दुसरे म्हणजे त्यांनी जाते मुद्दाम जड केले. प्रामाणिक माणसाला क्षणभर थांबण्याचे काही वाटत नाही, कोट्यवधी अंदाज दळणाऱ्याचे मात्र कंबरडे मोडते. 1999 मधल्या बीक्रिप्ट या हॅशिंगच्या पद्धतीत हे जाते काळानुसार आणखी जड करण्याची सोय आली.

हे सगळे माहीत असूनही 2009 मध्ये रॉकयू या कंपनीकडून 3 कोटींहून अधिक पासवर्ड उघड्या अक्षरांत चोरीला गेले आणि 2012 मध्ये लिंक्डइनचे सुमारे 65 लाख पासवर्ड, दळलेले पण बिनमिठाचे, बाहेर आले. ‘पासवर्ड विसरलात?’ यावर एखादे संकेतस्थळ जुनाच पासवर्ड पाठवून देते तेव्हा लोकांना ती सोय वाटते. खरे तर तो धोक्याचा पुरावा आहे. शब्द परत सांगता येतो याचा अर्थ तो तिथे लिहून ठेवलेला आहे, किंवा लिहिल्यासारखाच परत काढता येतो.

भारतात मात्र पासवर्डावरचा भरवसा कमी करून दुसरी वाट काढली गेली. ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली. पुढे मोबाइलवर येणारा ओटीपी घरोघरी पोचला. एकदाच चालणारा, लगेच बाद होणारा हा क्रमांक प्रायव्हेट नंबरचा भाऊच वाटतो. पण एक फरक आहे आणि तोच लोकांना नडतो. गेटमनचा क्रमांक कोणत्या फाटकासाठी, कोणत्या गाडीसाठी, हे त्याच्याशेजारीच लिहिलेले असते. ओटीपी नुसते आकडे म्हणून आला तर तो कशाला संमती देतो हे माणसाला समजत नाही आणि फोनवरच्या गोड बोलणाऱ्याला तो सांगून टाकला जातो. संदेशात रक्कम आणि दुकानाचे नाव लिहिणे ही सुधारणा म्हणून मला फार मोलाची वाटते.

बोटाचा ठसा हे उत्तर अनेकांना निर्णायक वाटते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याला अक्षर येत नाही त्याने शब्द कसा लक्षात ठेवावा, हा युक्तिवाद खोटा नाही, तो मला मनापासून पटतो. पण राबून झिजलेले बोट यंत्राला ओळखू येत नाही आणि रेशनच्या दारातून परत फिरावे लागते ते त्याच माणसाला. शिवाय शब्द फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून ठसे एका जागी जमा करणे मला पुन्हा पहारेकऱ्याच्या हाती गुपित देणे वाटते. हातातल्या फोनचे कुलूप ठशाने उघडणे वेगळे. तिथे ठसा फोनच्या बाहेर जातच नाही.

एक आक्षेप शेवटपर्यंत उरतो. पीठच साठवले तरी लॉगिन करताना माणूस पूर्ण शब्द त्या संगणकाकडे पाठवतोच, मग पहारेकऱ्याला क्षणभर का होईना, तो कळतो. हॅशिंगकडे याचे उत्तर नाही. उत्तर 1976 साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या जोडकिल्लीच्या कल्पनेत आहे. तिच्यावर बेतलेली पासकीची पद्धत 2019 मध्ये वेबचे अधिकृत मानक झाली. खासगी किल्ली माणसाकडेच राहते, संकेतस्थळाकडे असते फक्त तिची जाहीर जोडीदार. संकेतस्थळ दर वेळी नवे कोडे टाकते, फोन ते सोडवून सही करून पाठवतो. संकेतस्थळाची सगळी वही चोरीला गेली तरी तिच्यातून कोणाचे दार उघडत नाही. आणि लोकलच्या गर्दीत फोनच हरवला तर? खाते परत मिळवण्यासाठी अनेक ठिकाणी अजून तोच मोबाइल क्रमांक आणि तोच ओटीपी विचारला जातो. महादरवाजाला नवे कुलूप बसले आहे. चोरदिंडीवर उभा आहे तो मात्र जुनाच शिपाई, ज्याला शब्द ठाऊक असतो.